कुंपण नसलेल्या डॉग पार्कला कुत्रा नेताना (फोर्ट फन्स्टनला जाणाऱ्यांसाठी)

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, कुणी नवीन कुत्रा आणला की महिन्याभरात मला फोन येतोच, समुद्राकाठच्या फोर्ट फन्स्टनला कधी न्यायचं गं, आणि नेलं तर सोडायचं का. माझं उत्तर ठरलेलं आहे, न्या जरूर पण पहिल्या दिवशी सोडू नका, पहिल्या महिन्यातही सोडू नका. हे सांगितलं की समोरचा थोडा हिरमुसतो, कारण व्हिडिओत बघितलेलं असतं की पन्नास कुत्री समुद्राकाठी मोकळी धावतायत आणि आपलंच बाळ लीशवर का म्हणून. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी जागा समजून घ्या. आपल्या गावातल्या डॉग पार्कला चारी बाजूंनी जाळी असते, दोन दारं असतात, एक उघडलं तरी दुसरं बंद, त्यामुळे कुत्र्याने ऐकलं नाही तर फार तर आपली फजिती होते. फन्स्टनला असलं काही नाही. एका बाजूला वाळूचा कडा, जवळजवळ २०० फूट, खाली पॅसिफिक. दुसऱ्या बाजूला स्कायलाइन बुलेवार्ड, म्हणजे हायवे ३५, गाड्या जोरात जातात. मधे वाळूच्या टेकड्या, पायवाटा आणि आइस प्लँटचे, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या एका जाड पानांच्या झुडपाचे, गालिचे. पूर्वी ही लष्कराची जागा होती, आज आपण गाडी लावतो तिथे एके काळी नाइकी नावाच्या विमानविरोधी मिसाइलचा तळ होता. आता ती गोल्डन गेट नॅशनल रिक्रिएशन एरियात येते. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या जागांमध्ये साधारणपणे कुत्रा ६ फुटांच्या लीशवरच ठेवावा लागतो, इथे १९७९च्या पेट पॉलिसीमुळे मोकळा सोडता येतो. २०१६ मध्ये नियम बरेच कडक करायचं घाटत होतं, लोकांनी खूप विरोध केला आणि २०१७ मध्ये ते मागे घेतलं. पण मोकळा म्हणजे वाट्टेल तसा नाही हं, व्हॉइस कंट्रोलखाली असला पाहिजे, म्हणजे तुम्ही हाक मारली की आला पाहिजे. हा एकच शब्द नीट धरून ठेवा, कारण कुंपण नसलेल्या जागी तुमची हाक हेच कुंपण.

हे मी घाबरून शिकलेय. आमचा गुंड्या तेव्हा दहा महिन्यांचा होता, शेल्टरमधून आणलेला, लॅबमध्ये अजून बरंच काही मिसळलेलं. घरी एका हाकेत यायचा, गावातल्या पार्कमध्येही बऱ्यापैकी यायचा, म्हणून मला वाटलं झालं शिकून. आई पुण्याहून आली होती, तिलाही समुद्र दाखवू म्हणून रविवारी दुपारी गेलो आणि पार्किंगपासून थोडं पुढे जाऊन मी लीश काढली. पाच मिनिटं छान गेली. मग समोर एक मोठा डोमकावळा उतरला, गुंड्याने त्याला बघितलं आणि तो सरळ समुद्राच्या दिशेने सुटला. मी ये, ये, गुंड्या ये, अरे ये ना असं ओरडतेय, वारा समोरून तोंडावर येतोय, माझा आवाज मलाच धड ऐकू येत नव्हता. आईने माझं कोपर घट्ट धरून ठेवलं होतं. पक्षी कड्यावरून पुढे गेला आणि गुंड्या कडेपासून पाचसहा फुटांवर थांबला, तेही एक दुसरा कुत्रा आडवा आला म्हणून, माझ्या हाकेने नाही. त्या दिवसानंतर तो सात महिने तिथे लीशशिवाय फिरला नाही.

चूक कुठे झाली ते नंतर एका ट्रेनरने समजावलं. ये हा शब्द आमच्या घरात दिवसातून शंभर वेळा बोलला जातो. मुलांना जेवायला ये, फोनवर मैत्रिणीला ये ना एकदा घरी, नवऱ्याला इकडे ये जरा. कुत्र्याच्या कानाला त्या शब्दाचा काही अर्थच राहिला नव्हता. शिवाय मी ये म्हणायचे तेव्हा बहुतेक वेळा खेळ संपायचा, लीश लागायची, आंघोळ व्हायची. म्हणून रिकॉलसाठी, म्हणजे कुत्र्याला परत बोलवायला, असा शब्द निवडा जो घरात एरवी कुणी हाक म्हणून वापरत नाही. आम्ही पोळी घेतला. लांबवर ओढून म्हणता येतो, पोळीऽऽ, आणि रोज संध्याकाळी शेवटच्या पोळीचा तुकडा त्याला मिळतोच त्यामुळे अर्थ पहिल्यापासून चांगला. मग सुरुवातीला घरात, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, पोळी म्हणायचं आणि आला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. नुसती शाबासकी पुरत नाही, समोर डोमकावळा असताना तुमच्या हातात त्याहून भारी काहीतरी हवं. शब्द एकदाच म्हणायचा. येत नसेल तर दहा वेळा ओरडू नका, उलट दिशेने पळत सुटा, बहुतेक कुत्री मागे धावतात. आणि उशिरा आला, चिखलाने माखून आला, तुमचा जीव काढून मग आला तरी रागवायचं नाही म्हणजे नाही. त्याला एवढंच कळतं की परत आलो आणि ओरडा बसला.

अजून एक गोष्ट, हिने सगळ्यात जास्त फरक पडला. फिरायला गेल्यावर दहा वेळा बोलवा आणि नऊ वेळा खाऊ देऊन परत सोडून द्या. आलो म्हणजे मजा संपली असं त्याच्या डोक्यात बसता कामा नये.

शिकण्याच्या काळात लाँग लाइन वापरा, म्हणजे लांब दोरीची लीश, ३० फुटांची. कॉलरला कधीच लावू नका, हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला लावा, कारण पूर्ण वेगात पळणारा कुत्रा ३० फुटांवर झटक्याने थांबला तर मानेला इजा होते. कापडी दोरी ओली झाली की वाळू धरते आणि जड होते, बायोथेनची, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेल्या पट्ट्याची, घेतली तर धुवून पुसून मोकळं. हाताला गुंडाळायची नाही, बोटांभोवती तर अजिबात नाही, मी एकदा हातमोजे न घालता धरली होती आणि तळहाताची कातडी सोलवटून निघाली. आणि आपोआप गुंडाळली जाणारी ती डबीवाली लीश अशा जागी नेऊ नका, तिची दोरी दुसऱ्या कुत्र्याच्या पायात अडकते आणि हातातून सुटली की डबी मागे खडखडत येते, कुत्रा अजूनच घाबरून पळतो. लाँग लाइनवर असताना मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात जायचं नाही, बांधलेला कुत्रा मोकळ्यांच्या मधे सापडला की त्याला पळायला जागा नसते आणि मग तो दात दाखवतो.

आता सोडायचं कधी? माझी आपली एक परीक्षा आहे. लाँग लाइनवर, तिथेच फन्स्टनला, वेगवेगळ्या चार दिवशी, प्रत्येक दिवशी दहा हाका. दुसऱ्या कुत्र्याशी खेळताना, काहीतरी हुंगताना, पक्षी दिसल्यावर, कुणाच्या हातात सँडविच असताना. पहिल्याच हाकेला दहातून नऊ वेळा आला तर मी सोडेन, तेही कड्यापासून लांब आतल्या बाजूला. आठ वेळा आला तर अजून दोन आठवडे लाइनवर. काही कुत्री कधीच त्या आकड्याला पोचत नाहीत, हस्की आणि शिकारीसाठी वाढवलेल्या जातींच्या बाबतीत असं बरेचदा होतं, आणि त्यांना आयुष्यभर लाँग लाइनवर ठेवलं तर त्यात काही कमी नाही, ३० फुटांतही कुत्रा मनसोक्त हुंगतो.

वाऱ्याबद्दल वेगळं सांगायला हवं कारण तिथे तो जवळजवळ रोज असतो आणि समुद्राकडून येतो. कुत्रा समुद्राच्या बाजूला आणि तुम्ही आत असाल तर तुमचा आवाज मागेच राहतो. म्हणून शिट्टी शिकवा, रेफ्रीकडे असते तसली, गळ्यात अडकवून ठेवा, पद्धत तीच, शिट्टी म्हणजे चिकन. घाबरल्यावर आपला आवाज चिरकतो आणि कुत्र्याला तो ओळखीचा वाटत नाही, शिट्टीचा आवाज मात्र बदलत नाही. उन्हाळ्यात धुकंही दाटून येतं, वीस पावलांवरचा कुत्रा दिसेनासा होतो, अशा वेळी सरळ लीश लावा आणि त्या दिवसापुरतं तसंच फिरा.

निघण्याआधीची तयारी. कॉलरवर फोन नंबरचा टॅग आणि कातडीखाली बसवतात ती ओळखीची मायक्रोचिप दोन्ही हवंच, आणि चिपच्या नोंदणीत आताचा नंबर आहे ना ते आजच तपासा, घर बदललं नंबर बदलला आणि नोंद जुनीच असं फार जणांचं असतं. रेबीजची लस कायद्याने लागतेच, त्याशिवाय डिस्टेंपर पार्व्होची आणि जिथे इतकी कुत्री एकत्र येतात तिथे बोर्डेटेला (कुत्र्यांचा खोकला) आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) यांच्या लसींबद्दल आपल्या व्हेटला विचारून घ्या. पिल्लाच्या लसी पूर्ण झाल्या नसतील तर थांबा, पार्व्होचा विषाणू मातीत खूप दिवस टिकतो. गोचिडांचं औषध पावसाळ्यातही चालू ठेवा, इथे किनाऱ्याजवळ हिवाळ्यात आणि वसंतात त्या जास्त लागतात. माजावर आलेली कुत्री नेऊ नका. पिशवीत ६ फुटांची साधी लीश, घरचं पाणी आणि वाटी, शीच्या पिशव्या लागतील त्याच्या दुप्पट, जुना टॉवेल. आणि आपल्या खाऊबद्दल, मुलांच्या डब्यातल्या मनुका आणि द्राक्षं कुत्र्याला अजिबात नको, किडनीवर जातं, कांदा लसूण घातलेलं काही नको, शुगरफ्री गोळ्या च्युइंगमही नको, झायलिटॉल असतं त्यात, ते गोड लागतं पण कुत्र्याला विषारी.

वेळ निवडताना पहिल्या काही फेऱ्या सकाळी लवकर करा. शनिवार रविवार दुपारी तुडुंब गर्दी असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी डॉग वॉकर येतात, परवाना असला तर एकेकाला सहापर्यंत कुत्री आणता येतात. ते लोक बहुतेक फार कुशल असतात पण नवख्या कुत्र्याच्या अंगावर एकदम सहा अनोळखी आले तर तो बिचकतो. पार्किंगमध्ये आधी तुम्ही उतरा, गाडीतच लीश लावा आणि मगच दार पूर्ण उघडा. गाड्या मागे घेणाऱ्यांना खालचा कुत्रा दिसत नाही. गाडीत दिसेल असं काही ठेवू नका, सॅन फ्रान्सिस्को आहे, काचा फुटतात.

आता प्रत्यक्ष फिरताना. माझा पहिला नियम म्हणजे चालत राहा. एका जागी घोळका करून गप्पा मारत उभे राहिलो की कुत्र्यांना करमत नाही आणि तिथेच कुरबुरी सुरू होतात, चालत राहिलं की कुत्रा आपलं लक्ष आपल्याकडे ठेवतो. फोन खिशात. कड्याजवळच्या वाटेवर लीश, मग कुत्रा कितीही शहाणा असो. गुंड्या आता चार वर्षांचा आहे, एका शिट्टीत येतो, तरी तिथे मी त्याला बांधते आणि समुद्राच्या बाजूला मी, आतल्या बाजूला तो असे चालतो. कारण तो कडा दगडाचा नाही, वाळूचा आहे. कडेची वाळू खालून पोखरलेली असते आणि वरून आइस प्लँट लोंबत असल्यामुळे जमीन कुठे संपते तेच कळत नाही. आपणही कडेवर उभं राहून फोटो काढायचे नाहीत. हँग ग्लायडरवाले जिथून उडतात आणि उतरतात त्या भागातही लीश, त्या मोठ्या सावल्या जमिनीवरून सरकल्या की कुत्री मागे धावतात. पक्ष्यांसाठी कुंपण घालून राखलेली जागा आहे, बँक स्वॅलो त्या कड्यात बिळं करून घरटी बांधतात, तिथे कुत्रा जाऊ देऊ नका.

बॉल न्यायचा असेल तर विचार करून. समुद्राच्या दिशेने बॉल कधीही, कधीच फेकायचा नाही, लहान मुलाच्या हातातही देऊ नका कारण वारा असतो आणि बॉल कुठेही जातो. कुत्रा बॉलच्या मागे असताना त्याला दुसरं काही दिसत नाही. गर्दीत बॉलवरून भांडणं होतात, तेव्हा बाकीची कुत्री जवळ आली की बॉल खिशात. ओल्या वाळूत तासभर बॉल खेळला की तोंडातून बरीच वाळू पोटात जाते, जास्त गेली तर आतडं तुंबतं. थोडा वेळ खेळा आणि तोंड पाण्याने धुवा. ट्रीट देतानाही चार कुत्री भोवती असतील तर थोडं बाजूला जाऊन द्या, आणि दुसऱ्याच्या कुत्र्याला न विचारता काही देऊ नका.

दुसऱ्या कुत्र्यांशी भेट चांगली चाललीय का हे ओळखायला शिका, शेपूट हलतेय म्हणजे खूष असं नसतं. चांगल्या खेळात अंग सैल असतं, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करतात, कधी हा पळतो कधी तो, मधे मधे दोघं थांबून अंग झटकतात. अंग ताठ झालं, शेपूट वर काठीसारखी, तोंड बंद, नजर रोखलेली, किंवा डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला की समजा बिनसतंय. तेव्हाच हसऱ्या आवाजात हाक मारून आपल्या कुत्र्याला घेऊन चालू पडा. खेळ आहे की छळ कळत नसेल तर पाठलाग करणाऱ्याला क्षणभर धरा. ज्याचा पाठलाग चालला होता तो परत जवळ आला तर खेळ, निघून गेला तर त्याला नको होतं. तीनचार जण मिळून एकाच्या मागे लागले तर लगेच मोडा. आणि खूप लहान कुत्रा असेल तर जास्त जपा, पळणारा छोटा जीव बघून मोठ्या कुत्र्याच्या आतला शिकारी जागा होतो, तो एरवी कितीही गुणी असला तरी.

आमचा कुत्रा फ्रेंडली आहे असं ओरडत लोक येतात. असेल, पण तुमचा लीशवर असेल तर मोठ्याने आणि स्पष्ट सांगा, प्लीज बोलवून घ्या, आमचा ट्रेनिंगमध्ये आहे. वाईट वाटून घ्यायची गरज नाही. आपल्या लोकांना अशा वेळी संकोच होतो, मलाही व्हायचा, पण सांगितलं की बहुतेक जण लगेच बोलवून घेतात.

भांडण लागलंच तर मधे हात घालू नका, कॉलर धरायला गेलेला हातच चावला जातो आणि आपलाच कुत्रा चावतो. आधी मोठा आवाज, पाणी असेल तर तोंडावर पाणी, जाकीट वरून टाका. नाहीच सुटले तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून हातगाडीसारखं मागे खेचायचं आणि लगेच अंतर वाढवायचं. एकानेच खेचलं तर दुसरा चावत राहतो. सुटल्यावर अंगावरून हात फिरवून नीट बघा. दाताची जखम वरून टिकलीएवढी दिसते पण आत खोल असते, म्हणून त्याच दिवशी व्हेट. दुसऱ्या मालकाचा नंबर आणि रेबीजच्या लसीची माहिती घ्या, चिडाचिडीत ते राहून जातं.

आईवडील बरोबर असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा. आईला कुत्र्यांची भीती आहे, लहानपणी गल्लीतल्या कुत्र्याने चावून पोटात इंजेक्शनं घेतलेली ती पिढी, आणि इथे समोरून तीस किलोचा लॅब्राडॉर धावत येतो. तिला शिकवलंय की कुत्री धावत आली की पळायचं नाही, हात वर करायचे नाहीत, गुडघे थोडे वाकवून बाजूला वळून उभं राहायचं, गुडघ्यावर धडक बसली तर वयस्कर माणूस पडतो. लहान मुलांचंही तेच, झाडासारखं उभं राहा, हातात बिस्किट नको. आणि मुलं आणि नवशिका कुत्रा दोन्ही सांभाळायला एकट्याने जाऊ नका, कुठेतरी लक्ष कमी पडतंच.

खाली बीचवर जायचं तर भरतीची वेळ बघून, भरतीला कडा आणि पाणी यांच्यात जागा फार कमी उरते. कड्याच्या पायथ्याला चिकटून चालू किंवा बसू नका. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथे कडा कोसळून खाली असलेली एक तरुण मुलगी गाडली गेली आणि वारली, पाऊस होऊन गेला की तर अजिबातच नको. पाण्याचं म्हणाल तर तिथे अचानक मोठी लाट येते आणि ओढ जबरदस्त असते, पाणी वर्षभर थंडगार. कुत्रा लाटेत ओढला गेला तर त्याच्यामागे आत जाऊ नका, बरीच कुत्री स्वतः बाहेर येतात आणि माणूस बुडतो, असं इथल्या किनाऱ्यावर झालेलं आहे. समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, उलट्या जुलाब होतात. मेलेले खेकडे, मेलेला सील असलं काही दिसलं की लीश लावून पुढे.

कड्यावरून खाली पडला किंवा अर्ध्यावर अडकला तर ९११. स्वतः उतरू नका, तुम्ही उतरलात की वाळू सुटून त्याच्याच अंगावर जाते आणि मग सोडवायचे दोघं होतात. फायर डिपार्टमेंटची दोरखंडवाली माणसं अशी कुत्री वर काढतात. वरून त्याच्यावर नजर ठेवा आणि हाका मारून त्याला उठायला लावू नका, आहे तिथे बसू दे. आणि दिसेनासा झाला तर एकाने शेवटचं जिथे दिसला तिथेच थांबायचं, एकाने गाडीपाशी जायचं, कारण कुत्री बरेचदा वासाने तिथेच परततात. भेटेल त्या डॉग वॉकरला सांगा, ते रोज तिथे असतात. दूर दिसला तर पाठलाग नको, खाली बसा, बाजूला वळा, शिट्टी आणि चिकन. तासाभरात नाही सापडला तर सॅन फ्रान्सिस्को अॅनिमल केअर अँड कंट्रोलला कळवा, चिप कंपनीलाही, आणि अंगातलं जाकीट तिथे ठेवून या.

परत निघताना गाडी दिसायच्या बरंच आधी लीश लावा, आणि लावल्यावर पाच मिनिटं अजून रमतगमत हुंगू द्या म्हणजे लीश म्हणजे घरी हे समीकरण बसत नाही. घरी आल्यावर पाय धुवा, बोटांच्या मधे, कानात, काखेत हात घालून बघा. कॅलिफोर्नियात गवत वाळलं की फॉक्सटेल होतात, कुसळासारखी बी, ती एकदा कातडीत शिरली की पुढेच सरकत जाते, आपोआप बाहेर येत नाही. एकच पंजा चाटत राहिला, सारखा शिंकायला लागला किंवा डोकं एका बाजूला धरून कान झटकत राहिला तर सकाळपर्यंत थांबू नका, त्याच संध्याकाळी व्हेटला फोन करा.